अमेरिका कप : एकाच नौकेतील भाऊबंदकी

२ मार्च २००० रोजी ऑकलंडजवळच्या हौराकी आखातात अमेरिका कपच्या अंतिम लढतीतील पाचवी शर्यत सुरू झाली, तेव्हा यजमान टीम न्यूझीलंडच्या सुकाण्यावर रसेल कुट्स नव्हता. आधीच्या चारही शर्यती त्याने जिंकून दिल्या होत्या. इटलीच्या लुना रोसाला आणखी एकदा हरवले की कप न्यूझीलंडकडेच राहणार होता. अशा क्षणी कुट्सने सुकाणू डीन बार्कर या आपल्या तरुण सहकाऱ्याच्या हाती सोपवले. बार्कर जिंकला. किनाऱ्यावर जमलेल्या जनसमुदायाला या कृतीत गुरूने शिष्याला दिलेला वारसा दिसला.

मे महिन्यात बातमी आली. कुट्स आणि त्याचा उजवा हात समजला जाणारा ब्रॅड बटरवर्थ हे दोघेही टीम न्यूझीलंड सोडून स्वित्झर्लंडच्या एका नव्या संघात दाखल होत होते. संघाचा मालक होता एर्नेस्टो बर्टारेल्ली हा सेरोनो या औषध कंपनीचा तरुण धनाढ्य वारस. मागोमाग मरे जोन्स, सायमन डॉबनी, वॉरिक फ्लरी, डीन फिप्स हेही गेले. बरोबर तीन वर्षांनी, २ मार्च २००३ रोजी, त्याच आखातात याच मंडळींनी बार्करच्या नौकेचा ५-० असा फडशा पाडला आणि कप स्वित्झर्लंडला नेला. ज्या देशाला समुद्रकिनारा नाही, त्या देशाला!

खेळाडू संघ बदलतात, यात नवल नाही. १९७७ साली केरी पॅकर यांनी जगातले नामवंत क्रिकेटपटू पैशाच्या बळावर फोडले, ते आपल्याकडच्या जुन्या वाचकांना आठवत असेल. पण क्रिकेटमध्ये गेलेल्या फलंदाजाच्या जागी दुसरा येतो. शर्यतीच्या नौकेवरून सहा माणसे उतरली, तर त्यांच्याबरोबर त्या नौकेचे सारे ज्ञान उतरून जाते. हे ज्ञान कोणाच्या मालकीचे, देशाचे, पैसे देणाऱ्याचे की ते कमावणाऱ्या नाविकांचे, हा अमेरिका कपमधील जवळजवळ प्रत्येक भांडणाच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे.

नौकेची रचना, माणसांची रचना

अमेरिका कप हे नाव देशावरून नव्हे, नौकेवरून पडले. १८५१ साली 'अमेरिका' या शिडाच्या जहाजाने इंग्लंडच्या दक्षिणेस आइल ऑफ वाइट बेटाभोवतीच्या शर्यतीत ब्रिटिश नौकांना मागे टाकून चांदीचा चषक जिंकला. तो न्यूयॉर्क यॉट क्लबकडे तब्बल १३२ वर्षे राहिला आणि १९८३ मध्ये ऑस्ट्रेलियाने हिसकावून घेतला. स्पर्धेचा एक विचित्र नियम म्हणजे जिंकणारा क्लब पुढच्या स्पर्धेचा यजमान होतो आणि स्थळ, काळ, नौकेचा प्रकार यांवर त्याचा मोठा अधिकार चालतो. विजेता म्हणजे पुढच्या खेपेचा अर्धा कायदेमंडळच. दुसऱ्या क्रमांकाला काहीच नाही. रोख बक्षीस तर पहिल्यालाही नाही. तरीही अब्जाधीश या स्पर्धेवर पैशाचा पाऊस पाडतात आणि हरले की न्यायालयाची पायरी चढतात.

१९९२ ते २००७ या काळातील नौकांवर सोळा-सतरा माणसे असत. पुढच्या टोकावर शिडे चढवणारा, मध्यभागी दोर ओढणारे आणि चरखी फिरवणारे धिप्पाड गडी, शिडांचा ताण राखणारे तंत्रज्ञ आणि मागच्या बाजूला नौकेचा 'मेंदू', म्हणजे सुकाणूधारी, डावपेच ठरवणारा व्यूहकार आणि मार्गदर्शक. खरी सत्ता या मागच्या तिघाचौघांत असते. सुकाणूधाऱ्याची नजर शिडावर आणि लाटेवर खिळलेली असते. वारा कोठून वळेल, प्रतिस्पर्धी केव्हा फिरेल हे व्यूहकार त्याच्या कानाशी सांगतो. दोघांचे सूर जुळायला वर्षे लागतात. कुट्स आणि बटरवर्थ यांचे सूर असे जुळले होते. कुट्सने १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये फिन या एकट्याने चालवायच्या नौकेच्या प्रकारात सुवर्णपदक मिळवले होते. तो अबोल, हिशेबी होता. बटरवर्थ मिश्कील, गप्पिष्ट आणि वाऱ्याचा जाणता.

स्पर्धेची तयारीच अशी असते की घरात दोन चुली मांडल्या जाव्यात. श्रीमंत संघ दोन नौका बांधतो आणि महिनोन्महिने एकमेकींविरुद्ध पळवतो. नवे शीड, नवा कणा, नवी डोलकाठी यांची पारख त्याशिवाय होत नाही. म्हणजे दोन सुकाणूधारी, दोन व्यूहकार, दोन जथे. रोज सकाळी ते एकमेकांना हरवायला समुद्रात जातात आणि संध्याकाळी एका टेबलावर जेवतात. प्रत्यक्ष स्पर्धेत मात्र नौका एकच उतरते. दोन वर्षे राबलेली निम्मी माणसे किनाऱ्यावरून पाहत बसतात. बार्कर हा २००० साली या दुसऱ्या नौकेचा सुकाणूधारी होता आणि सरावात त्याने कुट्सला वारंवार घाम फोडला होता. शेवटच्या शर्यतीत त्याच्या हाती आलेले सुकाणू ही त्या अदृश्य श्रमांना मिळालेली पावती होती.

लाल मोजे आणि काळी नौका

या फुटीने न्यूझीलंडकरांच्या जिव्हारी का लागावे, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. आपल्याला न्यूझीलंड म्हटले की रिचर्ड हॅडली आठवतो. न्यूझीलंडकरांना पीटर ब्लेक आठवतात. उंचापुरा, सोनेरी केसांचा हा दर्यावर्दी १९८९-९० ची जगप्रदक्षिणेची व्हिटब्रेड शर्यत 'स्टाइनलागर २' या नौकेवर जिंकला, तेव्हा नौकेवर बटरवर्थही होता. १९९२ साली सॅन दिएगो येथे न्यूझीलंडची मोहीम ब्लेक यांच्या व्यवस्थापनाखाली होती. आव्हानवीर ठरवणाऱ्या अंतिम मालिकेत इटालियन नौकेविरुद्ध विजय टप्प्यात असताना तो निसटू लागला. तेव्हा रॉड डेव्हिसला उतरवून कुट्स आणि बटरवर्थ यांना मागच्या फळीत बसवण्यात आले. मालिका गेलीच, पण सुकाणू कोणाच्या हाती राहणार हे त्या दिवशी ठरले. पुढे या जोडीवर इतरांनी जे आरोप केले, त्यांची पहिली छाया इथेच पडली असेही म्हणता येईल : जागा मिळते ती कोणी तरी उठवले गेल्यामुळे.

१९९५ साली 'ब्लॅक मॅजिक' या काळ्या नौकेने सॅन दिएगोतच अमेरिकेचा ५-० असा पराभव केला. ब्लेक यांचे शकुनाचे लाल मोजे साऱ्या देशाने विकत घेऊन पायांत चढवले होते. सुमारे चाळीस लाख वस्तीच्या देशात एवढा आनंद क्वचितच झाला असेल. अमेरिकेबाहेर कप यशस्वीपणे राखणारा पहिला देश होण्याचा मान २००० साली न्यूझीलंडला मिळाला. आणि मग घर फुटले.

कुट्सच्या जाण्यात केवळ पैशाचा लोभ पाहणे अन्यायाचे ठरेल. २००० च्या विजयानंतर संघाची सूत्रे ब्लेक आणि विश्वस्तांकडून कुट्स, बटरवर्थ व आरेखनप्रमुख टॉम श्नॅकेनबर्ग यांच्याकडे यायची होती. पण जुन्या पुरस्कर्त्यांशी झालेले करार, शिल्लक पैसा आणि डोक्यावर येणाऱ्या जबाबदाऱ्या यांवरून बोलणी रेंगाळली. नाविकांचे म्हणणे असे, की नौका आम्ही जिंकायची आणि व्यवहार मात्र दुसऱ्यांनी आखून दिलेल्या चौकटीत करायचा, हे जमणार नाही. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे, की संघ हा लोकांच्या ठेव्यासारखा असून काही नाविकांच्या हवाली करण्याची ती चीजवस्तू नव्हे. दोन्हींत तथ्य होते. दरम्यान श्रीमंतांच्या तिजोऱ्या उघडल्या. आरेखनकार लॉरी डेव्हिडसन अमेरिकेतील सिअॅटलच्या वनवर्ल्ड संघाकडे गेले. त्या वेळच्या नियमांप्रमाणे ज्या देशाकडून उतरायचे तेथे ठरावीक काळ वास्तव्य आवश्यक होते, म्हणून कुट्सची मंडळी बिऱ्हाडे घेऊन स्वित्झर्लंडला गेली.

ब्लेक या सगळ्यातून बाहेर पडून समुद्राच्या संवर्धनासाठी 'सीमास्टर' या जहाजावरून हिंडत होते. डिसेंबर २००१ मध्ये अॅमेझॉनच्या मुखाशी लुटारूंनी त्यांना गोळ्या घालून ठार केले. समेट घडवू शकेल असा वडीलधारा माणूस गेला.

२००२-०३ च्या उन्हाळ्यात कुट्स 'अलिंगी' या स्विस संघासह ऑकलंडला परतला, तेव्हा वातावरण गढूळ झाले होते. टीम न्यूझीलंडने निष्ठेचे गाणे हेच प्रचारगीत केले होते. 'ब्लॅकहार्ट' नावाची एक मोहीम तर फुटिरांना लाज वाटावी म्हणून उघडच चालवली गेली. अलिंगीतील न्यूझीलंडकरांच्या कुटुंबीयांना धमक्या आल्या आणि पोलिसांना लक्ष घालावे लागले. ज्या गल्लीत हार पडले त्याच गल्लीत मुलांना जपून न्यावे लागावे, हा अनुभव कुट्सच्या वाट्याला तीन वर्षांत आला.

प्रत्यक्ष शर्यतींनी यजमानांची अब्रूच काढली. १५ फेब्रुवारी २००३ रोजी पहिल्याच शर्यतीत टीम न्यूझीलंडच्या नौकेत पाणी शिरले. बादलीने पाणी उपसणारा नाविक जगभरच्या पडद्यांवर दिसला. शिडाखालचा आडवा दांडा मोडला आणि नौका मागे फिरली. दुसरी शर्यत सात सेकंदांनी गेली. चौथीत डोलकाठीच कोसळली. नौकेच्या बुडाला बाहेरून जोडलेले जादा कवच ही त्यांची धाडसी कल्पना होती. पण अशा कल्पनांना मुरड घालणारे, 'हे फार होते आहे' असे सांगणारे अनुभवी डोळे आता समोरच्या नौकेत बसले होते. चौथ्या शर्यतीसाठी व्यूहकार हॅमिश पेपरला उतरवून फ्रान्सच्या बर्ट्रांड पासे याला बसवण्यात आले. ही चाल १९९२ चीच होती, आणि फळही तेच.

मालक आणि खलाशी

फुटून गेलेल्यांना नव्या घरी सुख लाभले असे मात्र नाही. २६ जुलै २००४ रोजी बर्टारेल्ली यांनी कुट्सला काढून टाकले. करारातील कर्तव्यांचा भंग केल्याचा ठपका त्याच्यावर होता. मालकाने दिलेला शब्द पाळला नाही, असे कुट्सचे म्हणणे होते. प्रकरण कायदेशीर लढाईपर्यंत गेले आणि पुढे तडजोडीने मिटले. २००७ च्या स्पर्धेत जगातला सर्वांत यशस्वी कर्णधार पाण्यात उतरलाच नाही.

या वेळी बटरवर्थ त्याच्यामागून गेला नाही. तो अलिंगीतच राहिला आणि कुट्सच्या जागी कर्णधार झाला. वीसेक वर्षे एकाच्या हाती सुकाणू आणि दुसऱ्याच्या ओठी वाऱ्याचा अंदाज असलेली ही जोडी इथे दुभंगली. दोघांनी जाहीरपणे एकमेकांवर चिखलफेक केली नाही, हे त्यातल्या त्यात भले.

२००७ ची लढत व्हॅलेन्सियाला झाली, कारण जिनिव्हा सरोवरात समुद्र आणणार कोठून! अलिंगीने टीम न्यूझीलंडला ५-२ असे हरवले. ३ जुलैची शेवटची शर्यत अवघ्या एका सेकंदाने सुटली. हरलेल्या नौकेच्या सुकाण्यावर पुन्हा बार्कर होता.

तिसरा मालक लॅरी एलिसन. ओरॅकल या संगणक कंपनीचा संस्थापक. त्याचा संघ म्हणजे अंतर्गत कलहाचा नमुनाच. २००० नंतर त्याने पॉल केयार्ड या नामवंत अमेरिकन कर्णधाराचा सारा संच विकत घेतला आणि मग केयार्डलाच बाजूला बसवून ठेवले. करारामुळे त्याला दुसरीकडेही जाता येईना. न्यूझीलंडचा ख्रिस डिक्सन हा करारी, कडक आणि जिभेने तिखट. सहकाऱ्यांशी खटके उडाल्यामुळे त्याला नौकेवरून उतरवले गेले. संघ हरू लागताच २००२ च्या अखेरीस पुन्हा बोलावले गेले. अलिंगीपुढे त्याचा निभाव लागला नाही. २००७ पर्यंत तोच संघाचा मुख्याधिकारी, तोच कर्णधार आणि तोच सुकाणूधारी होता. एका माणसाच्या डोक्यावर तीन टोप्या चढवल्या की चौथा माणूस खरे बोलायला धजत नाही. उपान्त्य फेरीत लुना रोसाने ओरॅकलला ५-१ असे लोळवले. जिमी स्पिटहिल या तरुण ऑस्ट्रेलियनाने प्रारंभरेषेवरच डिक्सनला जेरीस आणले. अखेरच्या शर्यतीपूर्वी डिक्सन सुकाण्यावरून दूर झाला आणि थोड्याच दिवसांत संघातूनही.

एलिसनने त्याच्या जागी कुट्सला आणले. आणि सुकाण्यासाठी ज्याने आपल्याला हरवले त्या स्पिटहिललाच!

पुढची अडीच वर्षे शर्यत झाली ती न्यूयॉर्कच्या न्यायालयांत. अलिंगीने पुढच्या स्पर्धेसाठी आव्हानवीर म्हणून मान्य केलेला स्पॅनिश क्लब हा त्यासाठीच उभा केलेला कागदी क्लब असल्याचा ओरॅकलच्या बाजूचा दावा होता. एप्रिल २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने निकाल ओरॅकलच्या क्लबच्या बाजूने दिला. फेब्रुवारी २०१० मध्ये व्हॅलेन्सियाच्या समुद्रात दोन महाकाय नौका समोरासमोर आल्या. ओरॅकलच्या तीन कण्यांच्या नौकेवर शिडाऐवजी विमानाच्या पंखासारखा ताठ, वीस मजली इमारतीच्या उंचीचा पंख होता. एका बाजूचा कर्णधार बटरवर्थ, दुसऱ्या बाजूचा सूत्रधार कुट्स. अलिंगीच्या सुकाण्यावर खुद्द बर्टारेल्ली यांनीही हात ठेवला होता. निकाल २-० असा ओरॅकलच्या बाजूने लागला. मालकाने ज्याला काढले, त्यानेच मालकाचा कप नेला.

सुकाणूधारी बार्कर

कप न्यूझीलंडला परत आणण्याची जबाबदारी बार्करच्या खांद्यावर राहिली. २०१३ साली सॅन फ्रान्सिस्को येथे तो ती पार पाडणार असे वाटत होते. न्यूझीलंड सरकारने या मोहिमेत ३ कोटी ६० लाख डॉलर घातले होते. पाण्यावरून उडणाऱ्या द्विकणा नौकांच्या या लढतीत न्यूझीलंड ८-१ असे आघाडीवर होते. आणखी एकच विजय हवा होता. ओरॅकलची सुरुवात तर उणे दोन गुणांनी झाली होती, कारण लहान नौकांत नियमबाह्य फेरफार केल्याबद्दल संघाला दंड झाला होता. मालिकेच्या मध्यावर ओरॅकलने आपला व्यूहकार, सॅन फ्रान्सिस्को खाडीत लहानाचा मोठा झालेला जॉन कोस्टेकी, उतरवला आणि ब्रिटनच्या बेन एन्सलीला बसवले. नौकेतही रातोरात बदल होत गेले. ओरॅकलने सलग आठ शर्यती जिंकून कप ९-८ असा राखला. संघाचा मुख्याधिकारी कुट्सच होता.

व्यूहकार उतरवणे न्यूझीलंडला दोनदा फळले नव्हते, ओरॅकलला फळले. याचे एक कारण असे, की ओरॅकलमध्ये एन्सली हा सरावातील दुसऱ्या नौकेचा सुकाणूधारी होता. माणसेही तीच, भाषाही तीच. संघाबाहेरून कोणी आणावा लागला नाही.

बार्करचा शेवट वेगळा झाला. फेब्रुवारी २०१५ मध्ये संघाचे प्रमुख ग्रँट डाल्टन यांनी त्याला सुकाण्यावरून हटवून पीटर बर्लिंग या तरुणाला पुढे करायचे ठरवले, आणि ही वार्ता बार्करला प्रसारमाध्यमांतून कळली. किनाऱ्यावरचे पद देऊ केले होते; ते त्याला रुचले नाही. तो संघाबाहेर पडला आणि २०१७ साली बर्म्युडात जपानच्या संघाकडून उतरला. २००० साली जे सोडून गेले त्यांच्यावर निष्ठेच्या नावाने बोटे मोडली गेली होती. जो पंधरा वर्षे राहिला त्याला निष्ठेचा मोबदला असा मिळाला. निर्णय मात्र खेळाच्या दृष्टीने चुकला नाही : बर्लिंगने २०१७ मध्ये ओरॅकलला ७-१ असे हरवून कप परत आणला. २०२१ मध्ये ऑकलंडला आणि २०२४ मध्ये बार्सिलोनात त्याने तो राखला.

२०२५ मध्ये ब्रिटनमध्ये एन्सली आणि त्याचे धनको जिम रॅटक्लिफ यांची फारकत झाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बर्लिंग आणि टीम न्यूझीलंड यांचेही फाटले. काही आठवड्यांतच त्याला नवे घर मिळाले. पंचवीस वर्षांपूर्वी ज्या लुना रोसाविरुद्ध कुट्सने बार्करच्या हाती सुकाणू दिले होते, तोच हा इटालियन संघ. पुढची स्पर्धा २०२७ साली नेपल्सला, त्यांच्याच घरच्या पाण्यात ठरली आहे.